‘हे कशावरून?’ : संसर्गजन्य रोगांच्या रेणवीय अभ्यासाचे एक वर्ष

संसर्गजन्य रोगांचा रेणवीय पाया हा विषय शिकवणारा एक वर्षाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम मी नुकताच पूर्ण केला. त्याआधी काही वर्षे मी रुग्णालयाच्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागात काम करत होते. आलेला नमुना प्लेटवर लावायचा, वाढलेला जिवाणू ओळखायचा आणि त्यावर कोणते प्रतिजैविक चालेल ते वॉर्डाला कळवायचे, असा रोजचा क्रम असे. जिवाणू कोणता हे मी खात्रीने सांगू शकत होते. पण तो माणसाला आजारी पाडतो म्हणजे नेमके काय करतो, असे कोणी विचारले असते तर पाठ्यपुस्तकातली दोन वाक्ये म्हणून मी गप्प झाले असते. ही उणीव भरून काढावी एवढ्याच हेतूने मी प्रवेश घेतला. विद्यापीठाचे नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढे तक्रारीही आहेत आणि त्यांतल्या काही तक्रारी या विषयाच्या शिक्षणाविषयीच आहेत, एका संस्थेविषयी नाहीत.

अभ्यासक्रमाची मांडणी अशी: पहिल्या सत्रात जिवाणू, दुसऱ्या सत्रात विषाणू, परजीवी आणि औषधप्रतिरोध, आणि अखेरीस काही महिन्यांचा संशोधन प्रकल्प. माझे मत आधीच सांगून टाकते. जिवाणूंचा भाग अत्यंत उत्तम शिकवला जातो, विषाणूंचा घाईने, परजीवींचा नावापुरता. आणि लेखी परीक्षा तर वर्षभर शिकवलेल्या गोष्टीच्या अगदी विरुद्ध दिशेला तोंड करून उभी आहे.

पहिल्या सत्राचा कणा म्हणजे एक जुनी कसोटी आणि तिचे नवे रूप. रॉबर्ट कॉख यांनी १८८२ मध्ये क्षयाचा जिवाणू दाखवला, त्या काळात घडत गेलेली कसोटी शाळकरी मुलांनाही ठाऊक असते: रोग्यात जिवाणू सापडला पाहिजे, तो वेगळा काढून वाढवता आला पाहिजे, निरोगी प्राण्याला दिल्यावर तोच रोग झाला पाहिजे आणि त्या प्राण्यातून तोच जिवाणू पुन्हा मिळाला पाहिजे. १९८८ मध्ये स्टॅनली फाल्को यांनी हीच कसोटी संपूर्ण जिवाणूऐवजी त्याच्या एकेका जनुकाला लावली. रोगाशी संबंधित असलेला गुण रोगकारक वाणांत आढळला पाहिजे. त्या गुणाचे जनुक निकामी केल्यावर रोग घडवण्याची क्षमता मोजता येईल इतकी घटली पाहिजे. आणि ते जनुक परत दिल्यावर क्षमताही परत आली पाहिजे. ऐकायला हे सोपे वाटते. तिसरी पायरी किती जणांना दमवते हे कळायला मला प्रकल्पापर्यंत थांबावे लागले.

या सत्राच्या प्राध्यापिकांची शिकवण्याची पद्धत हाच अभ्यासक्रमाचा सर्वांत मौल्यवान भाग आहे. त्या दर आठवड्याला एक मूळ शोधनिबंध देत, पण त्यातला सारांश, चर्चा आणि निष्कर्ष कापून टाकलेले असत. हातात उरत त्या फक्त आकृत्या, तक्ते आणि प्रयोगाची कृती. निष्कर्ष आम्ही काढायचा, आणि कोणीही कोणतेही विधान केले की त्या एकच प्रश्न विचारत: ‘हे कशावरून?’

दुसऱ्याच आठवड्यात फ्रेडरिक ग्रिफिथ यांचा १९२८ चा प्रयोग आला, तेव्हा वर्गात थोडी नाराजीच पसरली, कारण तो आम्हा सर्वांना पाठ होता. न्यूमोनियाचा जिवाणू; कवच असलेला वाण उंदराला मारतो, कवच नसलेला मारत नाही; उष्णतेने मारलेला कवचधारी वाणही मारत नाही; पण मेलेला कवचधारी आणि जिवंत कवचहीन एकत्र टोचले की उंदीर मरतो आणि त्याच्या रक्तात जिवंत कवचधारी जिवाणू सापडतात. म्हणजे मेलेल्याकडून जिवंताकडे काहीतरी गेले. एका विद्यार्थ्याने हे धडाधड म्हणून दाखवले. बाईंनी विचारले, कवचहीन जिवाणूच आपणहून उलटून पुन्हा कवचधारी झाले नसतील, हे कशावरून? वर्ग गप्प. पाठ्यपुस्तकातल्या त्या चार उंदरांच्या चित्रात या प्रश्नाचे उत्तर नाही. उत्तर मूळ निबंधात आहे: या जिवाणूच्या कवचाचे क्रमांक दिलेले प्रकार असतात; जिवंत कवचहीन वाण प्रकार क्रमांक दोनमधून आलेला होता आणि मेलेला कवचधारी प्रकार क्रमांक तीनचा होता. कवचहीन वाण आपणहून उलटला असता तर त्याला क्रमांक दोनचे कवच आले असते. उंदरात मिळाले ते क्रमांक तीनचे. संपूर्ण प्रयोगाचे बळ या एका तपशिलात आहे, आणि वर्षानुवर्षे हे चित्र पाहूनही तो मला माहीत नव्हता. (जाता जाता: १९४४ मध्ये एव्हरी, मॅक्लाउड आणि मॅकार्टी यांनी ते ‘काहीतरी’ म्हणजे डीएनए असल्याचे दाखवले. आनुवंशिकतेचे रसायन माणसाला कळले ते एका रोगजंतूचे कवच तपासताना, हे जनुकशास्त्राच्या वर्गात फारसे कोणी सांगत नाही.)

सत्राचा कळस म्हणजे पटकीवरचे (कॉलऱ्यावरचे) दोन आठवडे. पटकीचा जिवाणू विष सोडत असावा असा कॉख यांचा अंदाज होता. पण ते विष दाखवायला पुढची सत्तरपेक्षा जास्त वर्षे लागली. ते काम कोलकात्यात शंभुनाथ डे यांनी केले. १९५३ मध्ये त्यांनी सशाच्या लहान आतड्याचा तुकडा दोन्ही बाजूंनी दोऱ्याने बांधून त्यात जिवाणू सोडले, तेव्हा तो तुकडा पाण्याने टम्म फुगला; आणि १९५९ मध्ये जिवाणू गाळून काढलेल्या नुसत्या द्रवानेही तेच घडते हे त्यांनी दाखवून दिले. हा निबंध वाचताना आम्हाला कंट्रोल, म्हणजे तुलनेसाठीचे प्रयोग, सुचवायला सांगितले होते. त्याच सशाच्या शेजारच्या तुकड्यात नुसते वाढीचे माध्यम भरायचे, हे सर्वांना सुचले. गाळलेल्या द्रवात एकही जिवाणू उरलेला नाही हे प्लेटवर पसरून बघायचे, हे फक्त दोघींना सुचले, आणि त्यातली एक मी होते. रुग्णालयातली वर्षे तिथे कामी आली.

तिथून वर्ग रेणूंकडे वळला. या विषाचे एक ‘ए’ आणि पाच ‘बी’ असे घटक असतात. पाच ‘बी’ मिळून आतड्याच्या पेशीवरच्या जीएम-१ या मेदरेणूला घट्ट धरतात आणि ‘ए’चा एक भाग पेशीत शिरतो. तिथे तो पेशीत संदेश पोहोचवणाऱ्या एका जी-प्रथिनावर एक रासायनिक गट चिकटवतो आणि ते प्रथिन ‘चालू’ अवस्थेत अडकून बसते. परिणामी पेशीतील सायक्लिक एएमपी हा संदेशवाहक रेणू वाढत जातो, क्लोराइडचा मार्ग उघडा राहतो, क्लोराइड बाहेर पडते आणि त्यापाठोपाठ सोडियम व पाणी. गंभीर रुग्ण तासाला लिटरभर पाणी गमावू शकतो ते यामुळे. मग १९९६ चा शोध आला: या विषाची जनुके जिवाणूची स्वतःची नव्हेतच, ती एका जिवाणुभक्षी विषाणूने आणून दिलेली आहेत. आणखी गंमत म्हणजे जिवाणू ज्या तंतूंच्या आधारे आतड्यात ठाण मांडतो, त्याच तंतूंना धरून हा विषाणू जिवाणूत शिरतो. आणि तंतू व विष या दोन्हींची जनुके एकाच नियामक प्रथिनाच्या इशाऱ्यावर चालतात.

एवढ्यावर बहुतेक अभ्यासक्रम थांबतील. इथे एक तास पुढे जाऊन विचारले गेले की, विषाने क्लोराइडचा मार्ग उघडा ठेवला असताना तोंडाने दिलेले मीठ-साखरेचे पाणी आतडे शोषते तरी कसे? उत्तर असे की, सोडियम आणि ग्लुकोज यांना जोडीने आत घेणारे प्रथिन या विषाच्या तावडीत सापडत नाही. त्या वाटेने मीठ व साखर आत जातात आणि पाणी त्यांच्यामागे जाते. साखर चवीसाठी किंवा शक्तीसाठी नव्हे, सोडियमला सोबत म्हणून असते. जलसंजीवनीची पाकिटे मी असंख्य वेळा हाताळली होती. त्या तासानंतर त्या पाकिटावरच्या घटकांच्या यादीकडे मी वेगळ्या नजरेने पाहू लागले. रेणूपासून रुग्णापर्यंत जाणारी अशी वाट वर्षभरात आणखी दोन-तीनदाच भेटली, हे खटकते.

प्रॅक्टिकलविषयी थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे. सर्वांत चांगला प्रयोग साल्मोनेलाचा. हा जिवाणू सुईसारख्या यंत्रणेने आपली प्रथिने आतड्याच्या पेशीत टोचतो, पेशीच्या पटलाला झालरीसारख्या घड्या पडतात आणि पेशी स्वतःच त्याला आत ओढून घेते. किती जिवाणू आत शिरले हे मोजायची युक्ती साधी आहे. पेशींवर जिवाणू सोडायचे, अर्धा तास थांबायचे, पेशी धुवायच्या आणि जेंटामायसिन घालायचे. हे प्रतिजैविक पेशीच्या आत फारसे जात नाही. त्यामुळे बाहेर राहिलेले जिवाणू मरतात आणि आत शिरलेले वाचतात. नंतर सौम्य डिटर्जंटने पेशी फोडायच्या, द्रव दहा-दहा पट विरळ करत प्लेटवर पसरायचा आणि दुसऱ्या दिवशी कॉलन्या, म्हणजे एकेका जिवाणूपासून वाढलेले ठिपके, मोजायच्या. आमच्याकडे एक मूळ स्ट्रेन (वाण) होता आणि सुईची यंत्रणा निकामी केलेला एक म्युटंट. म्युटंटच्या कॉलन्या मूळ स्ट्रेनच्या मानाने नगण्य यायला हव्यात.

माझ्या म्युटंटच्या कॉलन्या मूळ स्ट्रेनपेक्षा जास्त आल्या.

मी नळ्यांची अदलाबदल झाली असणार असे लिहून मोकळी होणार होते. प्राध्यापिकांनी विचारले, हे कशावरून? आणि जेंटामायसिनने बाहेरचे जिवाणू खरोखर मेले होते, हे तरी कशावरून? शेवटच्या धुण्याचे पाणी मी प्लेटवर पसरलेलेच नव्हते, म्हणजे याचे उत्तर माझ्याकडे नव्हते. मग त्यांनी पेशी वाढवलेल्या खणांच्या प्लेटमधले, पेशींच्या मोजणीसाठी राखून ठेवलेले दोन खण सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायला सांगितले. मूळ स्ट्रेनच्या खणात एका बाजूला चंद्रकोरीएवढी जागा उघडी पडली होती. पेशी तिथून निघूनच गेल्या होत्या. धुताना मी पिपेटची टीप खणाच्या मध्यावर रोखून द्रव सोडला होता. तो भिंतीच्या कडेने, टीप तिरकी धरून सोडायचा असतो. आत शिरलेल्या जिवाणूंसकट निम्म्या पेशी मी सांडपाण्यात ओतल्या होत्या. म्युटंटच्या कॉलन्या इतक्या कशा आल्या याचा उलगडा मात्र तेवढ्याने होत नव्हता, आणि तो होत नाही असे अहवालात लिहायला लावले गेले. त्या अहवालाला चांगले गुण मिळाले. चुकलेल्या प्रयोगाला गुण देणारी जागा मी पहिल्यांदाच पाहिली.

हीच काटेकोर दृष्टी बाकीच्या प्रॅक्टिकलला लावली असती तर मी या अभ्यासक्रमाची शिफारस डोळे मिटून केली असती. प्लास्मिड, म्हणजे जिवाणूतले गुणसूत्राबाहेरचे डीएनएचे लहान कडे, वेगळे करण्याचा प्रयोग आम्ही तयार किटवर केला. एक, दोन, तीन असे क्रमांक घातलेल्या बाटल्या. त्या क्रमाने ओतायच्या, नळी उलटसुलट करायची, फिरवायची, गाळायची. दोन क्रमांकाच्या बाटलीत काय आहे असे विचारल्यावर सहायकाने किटच्या पुस्तिकेकडे बोट दाखवले. वास्तविक त्या बाटलीत सगळी मेख आहे. तिच्यातले सोडियम हायड्रॉक्साइड आणि डिटर्जंट जिवाणूला फोडतात व डीएनएचे दोन धागे सुटे करतात. तिसऱ्या द्रावणाने ते अल्क शमवले की लहानसे गोल प्लास्मिड चटकन पूर्ववत जुळते, आणि जिवाणूचे लांबलचक गुणसूत्र प्रथिनांसह गुंतून साका होऊन खाली बसते. दुसऱ्या द्रावणानंतर नळी जोरात हलवू नये असे पुस्तिकेत ठळक अक्षरांत छापलेले असते, ते यासाठी: गुणसूत्राचे तुकडे झाले तर तेही प्लास्मिडबरोबर वर राहतात. हे मला आधीच्या नोकरीत एका ज्येष्ठ सहकाऱ्याने सांगितले होते. वर्गातल्या कितीतरी जणांनी पदवी घेतली ती बाटल्यांचे क्रमांक लक्षात ठेवून.

दुसऱ्या सत्रातल्या विषाणूंच्या व्याख्यानांची गोष्ट वेगळी. शिकवणारे बदलले आणि पद्धतही बदलली. दर तासाला साठ-सत्तर स्लाइड, आणि प्रश्न शेवटच्या पाच मिनिटांत. मजकूर कमी दर्जाचा नव्हता. एचआयव्हीला पेशीत शिरायला सीडी-४ हा पेशीवरचा ग्राही (विषाणू ज्याला धरतो ते प्रथिन) पुरत नाही, सीसीआर-५ हा दुसरा ग्राहीही लागतो, हे १९९६ मध्ये कळले. आणि ज्यांच्या सीसीआर-५च्या जनुकाच्या दोन्ही प्रतींत डीएनएची ३२ अक्षरे गळालेली आहेत अशा व्यक्तींना बहुतेक प्रकारच्या एचआयव्हीची लागण सहसा होत नाही, हेही त्याच वर्षी. म्हणजे फाल्को यांची कसोटी इथे उलटून यजमानाला लागते: जनुक माणसाचे, ते निकामी केले निसर्गाने, आणि रोग घटला. २००७ मध्ये याच ग्राहीला अडवणारे औषध वापरात आले. हा प्रसंग वर्गात रंगवता आला असता. तो तीन स्लाइडांत उरकला.

याहून मोठी संधी हुकली ती करोना विषाणूच्या तासाला. २०२० मध्ये क्लोरोक्वीन गटातल्या औषधांनी माकडाच्या मूत्रपिंडापासून वाढवलेल्या व्हेरो पेशींत विषाणू रोखला होता, आणि त्यावरून जगभर आशा निर्माण झाली. पण व्हेरो पेशींत टीएमपीआरएसएस-२ हे विकर (एन्झाइम) जवळपास नसते, त्यामुळे तिथे विषाणूला पेशीतील आम्लधर्मी पिशव्यांच्या आडवाटेने जावे लागते, आणि क्लोरोक्वीन नेमकी ती आडवाट बंद करते. माणसाच्या फुफ्फुसाच्या पेशींत ते विकर असते. विषाणू समोरच्या दारानेच आत जातो, आणि त्या पेशींत औषधाचा काही उपयोग झाला नाही. ‘हे कशावरून?’ या प्रश्नासाठी याहून चांगले उदाहरण शोधून सापडणार नाही: औषध चालते, पण कोणत्या पेशीत? एका स्लाइडच्या तळाशी, बारीक अक्षरांत, एवढ्यावर ते आटोपले. मी तासानंतर विचारले, तेव्हा व्याख्यात्यांनी मला निबंध पाठवला आणि पंधरा मिनिटे उभ्या उभ्या उत्तम समजावून सांगितले. ज्ञान होते, वेळापत्रकात जागा नव्हती.

परजीवींना दोन व्याख्याने. दोन! हिवतापाला एक आणि ‘इतर’ या नावाखाली उरलेल्या सर्वांना एक. फॅल्सिपेरम या हिवतापाच्या परजीवीकडे रक्तपेशीच्या पृष्ठभागावर मिरवायच्या एका प्रथिनाची सुमारे ६० जनुके असतात. एका वेळी तो त्यातले एकच वापरतो, आणि प्रतिकारयंत्रणा ते ओळखू लागते तोवर परजीवींच्या पुढच्या पिढ्यांत दुसरे चालू झालेले असते. व्हायव्हॅक्स या हिवतापाच्याच दुसऱ्या परजीवीला तांबड्या पेशीत शिरण्यासाठी डफी नावाचे प्रथिन लागते, असे १९७० च्या दशकापासून मानले गेले. नंतर ते प्रथिन नसलेल्या माणसांतही त्याचा संसर्ग सापडला आणि नियमाला अपवाद जोडावा लागला. फॅल्सिपेरम १९७६ पासून प्रयोगशाळेत सलग वाढवता येतो, व्हायव्हॅक्स मात्र अजूनही तसा वाढवता येत नाही. मग त्याच्या जनुकांना फाल्को यांची कसोटी लावायची कशी? पहिल्या सत्राच्या शिस्तीला इथे खरे आव्हान होते. आम्हाला मिळाली ती जीवनचक्राची आकृती, जी मी पदवीच्या पहिल्या वर्षापासून काढत आले आहे.

औषधप्रतिरोधाच्या भागाने मात्र मला माझ्याच जुन्या टेबलाशी नेऊन बसवले. क्षयाच्या निदानासाठी कार्ट्रिज वापरून केली जाणारी जनुकीय चाचणी मी नोकरीत रोज करत असे. नमुना घालायचा, यंत्र सुरू करायचे, दोन तासांच्या आत पडद्यावर उत्तर: जिवाणू आहे की नाही आणि रिफाम्पिसिन या क्षयाच्या औषधाला प्रतिरोध आहे की नाही. ते यंत्र आत काय बघते हे मला या वर्षी कळले. रिफाम्पिसिन ज्या प्रथिनाला अडवते त्याच्या जनुकात, ज्याला आरपीओबी म्हणतात, ८१ अक्षरांचा एक छोटा पट्टा आहे, आणि या औषधाला दाद न देणाऱ्या ९५ टक्क्यांहून अधिक स्ट्रेनमधले बदल तेवढ्या पट्ट्यात सापडतात. क्षयाच्या जिवाणूचा जनुकसंच, जो १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला, सुमारे ४४ लाख अक्षरांचा आहे. त्यातली ८१ पाहून यंत्र निर्णय देते. पण पट्ट्याबाहेरचा बदल त्याला दिसत नाही, आणि पट्ट्यातला एखादा निरुपद्रवी बदल, ज्याने प्रथिन मुळीच बदलत नाही, तो काही वेळा प्रतिरोध म्हणून नोंदला जातो. चाचणी वाईट आहे असा याचा अर्थ नव्हे. प्लेटवर जिवाणू वाढायला आठवडे लागतात, त्या मानाने ती वरदानच आहे. पण चाचणीचे उत्तर आणि प्लेटवरचे उत्तर जुळत नसलेले काही अहवाल मला आठवले, ज्यांवर आम्ही ‘नमुना पुन्हा पाठवावा’ असे लिहून सही केली होती. या एका व्याख्यानासाठी तरी, निदान प्रयोगशाळेत काम करणाऱ्यांनी हा विषय शिकावा असे मला वाटते.

संगणकाच्या भागाविषयी इशारा देऊन ठेवते. जनुकसंचांची तुलना करण्याचे प्रात्यक्षिक होते आणि ‘पूर्वतयारीची गरज नाही’ असे माहितीपत्रकात छापलेले होते. प्रत्यक्षात पहिल्या दहा मिनिटांत काळ्या पडद्यावर आज्ञा टंकायची वेळ आली. माझे पहिले तीन दिवस एका चुकीत गेले, आणि ती चूक होती फाइलच्या नावात सोडलेली मोकळी जागा. ज्यांनी आयुष्यात कधी कमांड लाइन पाहिलेली नाही त्यांनी प्रवेशाआधी महिनाभर तरी तिची सवय करावी; माहितीपत्रकावर विसंबू नये.

आता परीक्षा. वर्षभर आम्हाला शिकवले गेले की विधानामागचा पुरावा मागावा, कंट्रोल बघावे, दुसरे स्पष्टीकरण शक्य आहे का ते तपासावे. अखेरच्या लेखी परीक्षेत साल्मोनेलाच्या पाच प्रथिनांची नावे व कार्ये लिहा, अमुक विषाचे वर्गीकरण करा, तमुक विषाणूच्या जनुकांचा क्रम द्या, अशा प्रश्नांची रांग होती. पुरावा तपासायला लावणारा एकच प्रश्न होता, तोही ऐच्छिक. ज्यांनी शोधनिबंधांच्या तासांना दांडी मारून टिपणे पाठ केली त्यांना भरघोस गुण मिळाले, आणि ज्यांनी दर आठवड्याला आकृत्यांशी झटापट केली त्यांना नावे आठवेनात. विद्यार्थ्यांनी सत्राअखेरच्या अभिप्रायात हे लिहिले. मागच्या वर्षीच्यांनीही लिहिले होते, असे नंतर समजले. संशोधन प्रस्तावाचे मूल्यमापन मात्र चांगले होते: आठ पानांत एक प्रश्न, तीन प्रयोग, आणि प्रत्येक प्रयोगाचा निकाल आपल्या अपेक्षेविरुद्ध आला तर पुढे काय, हे लिहायचे. तो एक आठवडा लेखी परीक्षेच्या सगळ्या तयारीपेक्षा मला जास्त उपयोगी पडला.

प्रवेश घेऊ पाहणाऱ्यांनी, मग विद्यापीठ कोणतेही असो, माहितीपत्रकातल्या विषयांच्या यादीपेक्षा तीन गोष्टी विचारून घ्याव्यात: स्वतःच्या हाताने पेशी आणि जिवाणू हाताळण्याचे तास किती, प्रयोग फसला तर तो पुन्हा करायला वेळ व साहित्य मिळते का, आणि मागच्या वर्षाची प्रश्नपत्रिका बघायला मिळेल का. पहिले दोन प्रश्न सर्वांना सुचतात. तिसरा मला सुचला नव्हता.

माझा प्रकल्प जिवाणूच्या लोहग्रहणाशी संबंधित एका जनुकावर होता. आपले शरीर लोह मोकळे ठेवत नाही, प्रथिनांत बांधून ठेवते. म्हणून अनेक जिवाणू लोहाला घट्ट धरणारे छोटे रेणू बाहेर सोडतात आणि लोहासकट परत आत घेतात. मी जनुक निकामी केले, आणि लोह कमी असलेल्या माध्यमात म्युटंटची वाढ खुंटली. लोह घातल्यावर ती सुधारली. इथवर सगळे सुरळीत चालले होते. मग जनुक प्लास्मिडवर घालून परत दिले, आणि वाढ काही परतली नाही. शेजारशेजारच्या जनुकांचा वाचनक्रम एकत्र असतो, तेव्हा एक तोडताना त्याच्या पुढचेही बंद पडू शकते. तसे झाले असावे अशी मार्गदर्शकांची शंका होती. ती तपासण्यासाठी नवे प्रायमर (जनुक तपासायला लागणारे डीएनएचे छोटे तुकडे) मागवले, आणि ते प्रबंध सादर करायच्या चार दिवस आधी आले. मी प्रबंधात दोन पायऱ्या पूर्ण आणि तिसरी अपूर्ण असे लिहून दिले. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी वाढीचा आलेख समोर ठेवला आणि हा परिणाम याच जनुकाचा आहे हे कशावरून, असे विचारले. अजून सांगता येत नाही, असे मी म्हणाले. त्यांनी मान डोलावली आणि पुढचे पान उलटले.